कपड्यांची पोती पाठवू नका, पैसे द्या नाहीतर वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची जयसिंगपूरची, नोकरीमुळे गेली बरीच वर्षं पोलंडमधे क्राकोवला राहते आणि आपला पेपर रोज मोबाइलवर वाचते. दर हिवाळ्यात गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच की आमच्या महिला मंडळाने युक्रेनच्या निर्वासितांसाठी स्वेटर आणि ब्लँकेट जमवलेत, कुठे पाठवू सांग. त्यामागची कळकळ खरी आहे, मला माहितीये, पण हात जोडून सांगते, पाठवू नका. का नको आणि त्याऐवजी काय करा हे प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा आपल्या पेपरातून सगळ्यांना एकदमच सांगावं म्हणून हे पत्र.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला आणि दोनतीन दिवसांत इथलं मेन स्टेशन माणसांनी भरून गेलं. युक्रेनमधल्या ल्विवहून लोकं पोलंडच्या सीमेवरच्या प्शेमिश्लला यायची, नाहीतर मेदिकाच्या नाक्यावरून चालत, आणि तिथून पुढच्या ट्रेनने आमच्याकडे. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना तेव्हा युक्रेन सोडायला बंदी होती, त्यामुळे उतरणाऱ्या जवळपास सगळ्या बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. मी सुरुवातीला गेले ते युक्रेनमधे मेडिकल शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी, ती बिचारी युक्रेनच्या बाजूच्या शेहिनी नाक्याच्या रांगेत थंडीत कितीतरी तास उभी राहून, काही तर तीसचाळीस किलोमीटर चालून आलेली, त्यांना इथल्या झेशूव शहरातून सुटणाऱ्या विमानापर्यंत पोचवायचं, घरी फोन लावून द्यायचा. ती मुलं भारत सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानांनी घरी गेली पण ट्रेन काही थांबेनात म्हणून मी आणि ऑफिसातले तिघेचौघे जातच राहिलो.

तिथे पहिल्या आठवड्यात डोळे उघडले. आम्ही सूप, सँडविच, चहा घेऊन उभे आणि समोरची बाई आधी काय मागते तर चार्जिंगचा पॉइंट. फोन बंद पडला की नवऱ्याशी संबंध तुटला, नकाशा गेला, ज्या ओळखीच्या माणसाकडे जायचंय त्याचा पत्ता गेला. एकजण घरून आठ सॉकेटचे दोन एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आला आणि मी सांगते, त्या रात्री त्या दोन बोर्डांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही, बायका पोराला मांडीवर घेऊन वायरीभोवती जमिनीवर गोल करून बसलेल्या आणि फोन चालू झाला की पहिला मेसेज वाचून कुणी रडतंय कुणी हसतंय. दुसरी गरज सिमकार्डाची, इथल्या मोबाइल कंपन्यांनी ती फुकट दिली हे त्यांचं मोठं काम. तिसरी पैशाची. हातात रिव्निया म्हणजे युक्रेनचे पैसे आहेत पण बदलून देणारा दुकानदार घेत नाही किंवा घेतलेच तर फार कमी भाव देतो, मार्चच्या शेवटी इथल्या नॅशनल बँकेने ठराविक रकमेपर्यंत बदलून द्यायची सोय केली तेव्हा कुठे जरा सुटका झाली.

आणि त्याच वेळी पोलंडभरातून, जर्मनीतून जुन्या कपड्यांच्या गाड्याच्या गाड्या येत होत्या. मेदिकाला तर कपड्यांचे ढीग उघड्यावर भिजत पडलेले. चांगल्या मनाने पाठवलेले, पण त्यातलं मापाचं शोधायचं, फाटकं बाजूला काढायचं, यात रात्रभर जागणाऱ्या स्वयंसेवकांचे हात अडकले, आणि हवं ते नसायचंच: नवे कोरे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, मोठ्या मापाचे डायपर, लहान मुलांचं तापाचं औषध. प्शेमिश्लच्या प्लॅटफॉर्मवर पोलिश आयांनी बाबागाड्या आणून ठेवल्या होत्या तो फोटो तुम्ही पाहिला असेल, ती खरी उपयोगी मदत, कारण कडेवर पोर घेऊन तासन्‌तास उभं राहिलेल्या बाईला काय लागेल याचा विचार त्यात होता. आता भारतातून स्वेटर पाठवायचे म्हणजे पार्सलचा खर्चच स्वेटरपेक्षा जास्त, वर कस्टम, आणि इथे तर सेकंडहँड कपड्यांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. त्याच पैशात इथली संस्था इथेच दुप्पट वस्तू घेते, आणि ज्या हव्यात त्याच घेते.

एक गोष्ट मुद्दाम सांगते कारण कुठल्याही देशात, कुठल्याही संकटात ती लागू आहे. स्टेशनबाहेर आणि सीमेवर माणसं पाट्या घेऊन उभी असायची, बर्लिन चार जण, वॉर्सा तीन जण. बहुतेक सगळे भले लोक, पण तरण्या मुली आणि एकट्या आया दिसल्या की भलत्या हेतूने येणारेही असतातच. म्हणून ड्रायव्हरचं ओळखपत्र आणि गाडीचा नंबर नोंदवल्याशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही, आणि बाईने आपला पासपोर्ट कुणाच्याही हातात द्यायचा नाही, हे आम्ही प्रत्येकीला सांगायचो.

पण स्टेशनवरचे दिवस हा या मदतीचा सगळ्यात सोपा भाग होता, खरं अवघड त्यानंतर सुरू झालं. युरोपियन युनियनने ४ मार्च २०२२ ला तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ चा कायदा पहिल्यांदाच लागू केला, त्यामुळे राहायचा, कामाचा, दवाखान्याचा, शाळेचा हक्क मिळाला, पण तो हक्क हातात पडायला पेसेल नंबर हवा, तो म्हणजे आपल्या आधारसारखा. त्यासाठी फोटो, बोटांचे ठसे, पोलिश भाषेतला फॉर्म, आणि पहाटेपासून रांगा. वॉर्सात तर नॅशनल स्टेडियमच नोंदणीसाठी उघडावं लागलं. पोलंडने मोठे कँप फारसे बांधले नाहीत, लोकांनी आपापल्या घरातल्या खोल्या दिल्या आणि सरकार त्यांना माणशी दिवसाला ४० झ्लॉटी (पोलंडचं चलन) द्यायचं, जुलै २०२२ पासून तेही बहुतेकांसाठी बंद झालं. मग भाडं कुठून आणायचं, नर्स असलेल्या बाईने हॉटेलच्या खोल्या किती दिवस झाडायच्या, मुलाने सकाळी पोलिश शाळा आणि संध्याकाळी ऑनलाइन युक्रेनियन शाळा असं किती वर्षं ओढायचं. सप्टेंबर २०२४ पासून इथली शाळा सक्तीची झाली आणि २०२५ च्या नव्या कायद्याने मुलांचा ८०० झ्लॉटीचा भत्ता बहुतेकांसाठी आईबापाच्या नोकरीशी जोडला. म्हणजे ज्या आईला काम मिळत नाही, आजारी म्हातारीला सोडून जाता येत नाही, तिला आज भाषेचा क्लास, मूल सांभाळायला कुणीतरी आणि डिग्रीची कागदपत्रं पुढे सरकवून देणारा माणूस पाहिजे. ब्लँकेट तिच्याकडे आहे हो.

आपल्या भागाला हे नवीन नाही म्हणून जास्त तळमळीने लिहिते. सोव्हिएत सरकारने १९४० पासून सायबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले, त्यातले सुमारे ५,००० जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला राहिले, तेही बहुतेक बायका आणि मुलंच. पाच वर्षं! त्यांना नुसतं जेवण देऊन भागवलं नाही, त्यांच्या भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे आणि मी कोल्हापूरकडची म्हटलं की इथली वयस्क माणसं हात हातात घेऊन बोलतात. वळिवड्याची ती मुलं पुढे जगभर नीट उभी राहिली ती शाळेमुळे, त्या सलग पाच वर्षांच्या आधारामुळे.

तर महिला मंडळांना माझी विनंती अशी की जमवलेले स्वेटर आपल्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना द्या, तिथे त्यांची खरी गरज आहे. युक्रेनसाठी द्यायचं असेल तर पैसे द्या, यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था), युनिसेफ किंवा इथल्या पोल्स्का अक्त्स्या हुमानितार्ना, ओत्सालेन्ये फाउंडेशन अशा संस्थांना, आणि त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. थोडेच देणार असाल तर दर महिन्याला द्या, एकदम मोठी रक्कम देऊन विसरण्यापेक्षा त्यांना ते बरं पडतं, कारण क्लासच्या शिक्षिकेचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

आणि क्राकोव, व्रोत्सवाफ, वॉर्सात जी आपली आयटीवाली आणि शिकायला आलेली मराठी मुलं आहेत त्यांना सांगायचंय, शनिवारचे दोन तास काढा. शाळकरी पोरांना गणित, इंग्रजी शिकवा, थोडी पोलिश येत असेल तर एखाद्या आजीबरोबर दवाखान्यात जाऊन बसा. आधी संस्थेला फोन करा, काय हवंय विचारा, आणि एकदा हो म्हटलं की दर शनिवारी जा, कारण ते मूल वाट बघत असतं.

आपली नम्र,
एक वाचक, क्राकोव (पोलंड)