कडक पेडल आणि पोचट पेडल

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींवर अधूनमधून लेख येतात, पण कौतुक रंगाचे, क्रोमचे आणि इंजिनाचे होते. ब्रेकचा विषय राहूनच जातो. हे काम रोज करणारे आम्ही काही मेकॅनिक एकाच गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहोत. बूस्टर (इंजिनाच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, पायाला मदत करणारा डबा) असलेल्या जुन्या गाडीत पेडल कडक लागणे आणि पेडल पोचट लागणे हे दोन वेगळे आजार आहेत. त्यांची औषधे सर्रास उलटी दिली जातात. पेडल कडक झाले की लोक ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढत बसतात आणि पोचट झाले की बूस्टर बदलतात.

कडक पेडल म्हणजे व्हॅक्यूमची मदत मिळत नाही. बूस्टरचा डायफ्राम (आतला पडदा) ७ इंच व्यासाचा आणि व्हॅक्यूम १८ इंच पारा (व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) असेल, तर पायाच्या जोरात सुमारे दीडशे किलोंची भर पडते. ती गेली की गाडी थांबते, पण पूर्ण ताकदीने पेडल दाबावे लागते. तपासणीला हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडे खाली गेले, तर मदत मिळते आहे. नंतर इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबा. पहिले दोन-तीन दाब हलके लागले नाहीत, तर व्हॅक्यूम गळतो. अशा वेळी आधी वन-वे व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम होज पाहा. तिथे पेट्रोलची साधी नळी बसवलेली असेल, तर ती आतल्या ओढीने चपटी होते आणि दोष बूस्टरच्या माथी बसतो. व्हॅक्यूमसाठीचीच जाड नळी लावा.

काही जुन्या गाड्यांत बूस्टर पेडलपाशी नसून मास्टर सिलिंडर (पेडल दाबले की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) आणि चाके यांच्या मध्ये, वेगळा बसवलेला असतो. त्याच्या आतले सील गेले की ब्रेक ऑइल व्हॅक्यूमच्या बाजूला शिरते आणि इंजिन ते ओढून जाळते. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरत राहते, जमिनीवर थेंब दिसत नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो. बूस्टरकडची व्हॅक्यूम नळी काढून बोट घाला. बोट ओले झाले, तर बूस्टर उघडायलाच हवा.

पोचट पेडल म्हणजे बहुधा आत हवा. ती काढण्यापूर्वी ड्रम ब्रेकचे अ‍ॅडजस्टर नीट घट्ट करा, कारण लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) ड्रमपासून लांब असतील तर हवा नसतानाही पेडल खोल जाते. इंजिन बंद ठेवा आणि पेडल मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. वेगळ्या बूस्टरवर निपल (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) असेल, तर सुरुवात तिथून करा. मग चाके मॅन्युअलच्या क्रमाने घ्या. एका सर्किटच्या (चारही चाकांना ऑइलची एकच वाट असलेल्या) गाडीत बहुतेक वेळा सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात होते. निपलवर लावलेल्या पारदर्शक नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेले असावे. निपल उघडून पेडल सावकाश दाबायचे, निपल बंद करायचे, मगच पाय उचलायचा. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळे पहिल्यापासून. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवाच. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाचा भाग वर्षानुवर्षे वापरात नसल्याने गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबले की सील तिथे घासून फाटते.

किती ऑइल सोडले तरी बुडबुडे येतच असतील, तर निपल कुठे आहे ते पाहा. डावा कॅलिपर (डिस्क ब्रेकची पकड) उजवीकडे बसला की निपल खाली जाते आणि वर साठलेली हवा कधीच निघत नाही. अडकलेल्या निपलला सहा कोनी रिंग पाना लावा, उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात.

तिसरी तक्रार ब्रेक चिकटण्याची. चाक जाम असताना मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे नट थोडे ढिले करा. चाक सुटले, तर बूस्टरचा पुशरॉड (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक तापत जातात. नट ढिले करून फरक पडला नाही, पण चाकाचे निपल उघडताच चाक सुटले, तर आतून फुगलेल्या रबरी होजवर पहिला संशय घ्या. बाहेरून ती नवी दिसते, तरीही बदला.

ऑइलबाबत तडजोड नको. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) कोरडे असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळते. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे बदलावे. डॉट ५ सिलिकॉनचे असते, डॉट ५.१ नसते, आकडे जवळचे असले तरी ही दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. साध्या ब्रेकमध्ये इंजिन ऑइल किंवा पेट्रोलचा थेंबही गेला, तर सील फुगतात. उलट सिट्रोएन डीएसच्या नंतरच्या गाड्यांत हिरवे खनिज ऑइलच लागते आणि तिथे डॉट ४ घातले की सील खराब होतात. टाकीच्या झाकणावर ऑइलचे नाव आणि बदलल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक अंदाजाने काही ओतणार नाही.

आपले,
जुन्या मोटारींच्या ब्रेकचे काम करणारे काही मेकॅनिक