रेडिओच्या इतिहासातली मधली सहा वर्षं

संपादक साहेब, नमस्कार.

रेडिओवरचा तुमचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात गोव्याचा रेडिओ म्हणजे पोर्तुगीजांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं 'एमिसोरा द गोवा' आणि मग मुक्तीनंतर डायरेक्ट आकाशवाणी पणजी! मधलं 'गोंयचे सोडवणेचो आवाज' (म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज) हे केंद्र कुठे गेलं? एक ओळ तरी हवी होती.

हे गुप्त केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला तोही २५ नोव्हेंबरच, आता योगायोग म्हणा नाहीतर आणखी काही. स्टुडिओ वगैरे कसला, दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली तेव्हा हाती लागलेल्या वायरलेस सेटमधून जमवलेला ट्रान्समीटर ट्रकवर चढवला आणि आधी आंबोली, मग गोव्याच्या सीमेवरच्या कॅसलरॉकचं जंगल. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई, दोघंही शिकलेली तरुण माणसं, १९६१ पर्यंत तिथं राहून कोंकणी आणि पोर्तुगीजमधून बोलत राहिली. पोर्तुगीज सरकार जे सांगायचं ते खोडून काढायचं आणि गोव्यात सेन्सॉरमुळे छापून न येणाऱ्या बातम्या लोकांपर्यंत पोचवायच्या, हे त्यांचं रोजचं काम. पेपर पकडता येतो, जाळता येतो, घरात हळू आवाजात लावलेला रेडिओ कोण पकडणार? म्हणून मला तरी हे मोर्चा-सत्याग्रहाइतकंच मोठं काम वाटतं, उगाच कुणाला कमी लेखायचं नाही, पण वाटतं.

आणि शेवट तर बघा, १९ डिसेंबर १९६१ ला हीच दोघं विमानात बसून लाऊडस्पीकरवरून खाली लोकांना सांगत होती की गोवा मुक्त झाला. लिबियाबाईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा कितीतरी गोंयकारांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यावर आपल्याकडून गाड्याच्या गाड्या जातात, त्यातल्या किती पोरांना हे माहीत असेल देव जाणे.

तेव्हा एक विनंती. चोरून ते केंद्र ऐकणारी तेव्हाची पोरंसोरं आज पंच्याहत्तरी-ऐंशी पार केलेली आहेत, काणकोणपासून पेडण्यापर्यंत अजून सापडतील. तुमचे वार्ताहर गावोगाव आहेतच, त्यांना पाठवा, आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा, रविवारच्या पुरवणीत छापा. १९ डिसेंबरची वाट बघू नका, तेव्हा सगळेच छापतात.

– एक वाचक, फोंडा