ट्रिगरमधून बाहेरचा प्रोग्राम: प्रश्न वेगाचा कमी, जागेचा अधिक

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत डेटाबेसच्या ट्रिगरमधून, म्हणजे टेबलमधली नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडमधून, बाहेरचा प्रोग्राम चालवण्याविषयी आलेला लेख वाचला. टेबलमध्ये नवी नोंद पडताच ईमेल जावा, फाइल तयार व्हावी किंवा दुसऱ्या सर्व्हरला कळावे, ही गरज खरी आहे आणि लेखात ती नेमकी मांडली आहे. मात्र त्यावर उपाय म्हणून ट्रिगरमधूनच स्क्रिप्ट चालवावी आणि ती होईल तितकी हलकी ठेवावी, या सल्ल्याला माझा आक्षेप आहे. स्क्रिप्ट किती हलकी आहे यापेक्षा ती कुठे आणि केव्हा चालते, यावर सारे अवलंबून असते.

ट्रिगर हा मूळ व्यवहाराचाच (ट्रान्झॅक्शनचाच) भाग असतो, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांचा. तो संपेपर्यंत नोंद घालणारी आज्ञा संपत नाही, व्यवहार कमिट (पक्का) होत नाही आणि त्याने घेतलेले लॉक, म्हणजे नोंदींवरचा तात्पुरता ताबा, सुटत नाहीत. एक नवी प्रोसेस उभी करून तिच्यात स्क्रिप्ट वाचून चालवणारा एखादा इंटरप्रिटर सुरू करायला ५० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर एका नोंदीला ते जाणवणारही नाही. पण रात्री कोणी एकाच आज्ञेत १०,००० नोंदी बदलल्या आणि ट्रिगर दर नोंदीला चालणारा असला, तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक काळ त्या साऱ्या नोंदी अडकून राहतील. स्क्रिप्ट निम्म्या वेळात संपवली तरी चार मिनिटे उरतातच. बाहेरचा सर्व्हर उत्तर देईनासा झाला, तर याहून वाईट: त्याचे दुखणे थेट आपल्या डेटाबेसवर येते.

वेग एकवेळ सोडून देऊ. ‘आफ्टर’ प्रकारचा, म्हणजे बदलानंतर चालणारा, ट्रिगरही कमिटच्या आधीच चालतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ईमेल निघून गेला आणि नंतर व्यवहार रोलबॅक (रद्द) झाला, तर नोंद नाहीशी होते, ईमेल मात्र परत येत नाही. शिवाय चालवलेला प्रोग्राम स्वतःचे वेगळे कनेक्शन उघडून ती नोंद वाचू लागला, तर ती त्याला सापडतच नाही, कारण ती अजून कमिट झालेली नसते. त्याने एखादी जुनी, त्याच व्यवहाराने लॉक केलेली नोंद बदलायला घेतली, तर प्रोग्राम लॉकसाठी थांबतो आणि ट्रिगर प्रोग्रामसाठी थांबतो. एरवी असा डेडलॉक, म्हणजे एकमेकांसाठी अडून राहणे, डेटाबेस स्वतः ओळखून एका व्यवहाराला बाद करतो. इथे साखळीचा एक दुवा डेटाबेसच्या बाहेर असल्याने त्याला काहीच दिसत नाही, आणि कोणी हाताने प्रोसेस मारेपर्यंत सगळे तसेच लटकून राहते.

डेटाबेस बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या २००५ च्या आवृत्तीपासून एक्सपी_सीएमडीशेल ही ऑपरेटिंग सिस्टीमच्या आज्ञा चालवण्याची सोय मुळात बंदच ठेवलेली असते, आणि त्याच आवृत्तीत सर्व्हिस ब्रोकर ही रांगेची व्यवस्था आली. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पीएलपायथन३यू सारख्या ‘अविश्वसनीय’ गणलेल्या भाषेत फंक्शन लिहिण्याचा अधिकार केवळ सुपरयूजरला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, असतो, कारण ते फंक्शन डेटाबेस सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममधील खात्याच्या अधिकाराने चालते. नोंदीतला मजकूर जोडून शेलची (ऑपरेटिंग सिस्टीमची) आज्ञा तयार करण्याचे लेखातले उदाहरण तर मी कोणालाही वापरू देणार नाही. टेबलमध्ये लिहू शकणारा प्रत्येक जण त्यातून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवू शकेल.

ट्रिगरने एका रांगेच्या टेबलमध्ये फक्त एक ओळ लिहावी, आणि काम कायम चालू असलेल्या एखाद्या वेगळ्या प्रोग्रामने करावे. ओळ त्याच व्यवहारात लिहिली जात असल्याने रोलबॅक झाला तर तीही जाते. पोस्टग्रेसमध्ये त्या प्रोग्रामला जागे करण्यासाठी नोटिफाय ही सूचना पाठवणारी आज्ञा आहे. ती सूचना कमिट झाल्यावरच पोहोचते आणि एकाच व्यवहारातल्या सारख्या सूचना एकत्र होतात. पण ऐकणारा त्या वेळी जोडलेला नसेल तर सूचना हरवते आणि तिच्यासोबतचा मजकूर नेहमीच्या मांडणीत ८,००० बाइट्सपेक्षा कमी असावा लागतो, म्हणून खरी माहिती टेबलमध्येच असावी. प्रोग्रामने सुरू होताना आधी लिसन (सूचना ऐकण्याची आज्ञा) करावे, मग साचलेली रांग वाचावी. क्रम उलटा झाला तर मधल्या फटीत पडलेली ओळ पुढची सूचना येईपर्यंत तशीच राहते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये डीबीएमएस_जॉब या सोयीने नोंदवलेले कामही कमिटनंतरच सुरू होते.

रांग वाचताना ‘शेवटच्या क्रमांकापुढचे सगळे’ असे वाचू नये. ओळीला क्रमांक व्यवहार चालू असताना मिळतो, पण कमिटचा क्रम वेगळा असू शकतो. १०१ आधी कमिट झाला आणि १०० नंतर, तर १०० कायमचा सुटतो. अनेक प्रोग्राम एकाच रांगेवर काम करत असतील, तर पोस्टग्रेस ९.५ पासून असलेला स्किप लॉक्ड (लॉक असलेल्या ओळी वगळा) हा पर्याय वापरावा, म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या ओळींसाठी कोणी थांबून राहत नाही. काम झाल्यावर, पण ओळ पुसण्याआधी प्रोग्राम बंद पडला तर तेच काम पुन्हा होणार, हे धरूनच चालावे आणि ते दोनदा झाले तरी नुकसान होऊ नये अशी रचना करावी. इथे कोणताही डेटाबेस आपल्याला वाचवत नाही.

मोठ्या बदलांसाठी पोस्टग्रेस १० पासून आज्ञेगणिक चालणाऱ्या ट्रिगरला बदललेल्या सर्व ओळी टेबलसारख्या वाचता येतात, त्यामुळे १०,००० वेळा धावण्याऐवजी तो एकदाच धावतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय नाही. तिथे ट्रिगर दर ओळीलाच चालतो.

लेखातील एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. बाहेर काहीही न बदलणारी, केवळ आकडेमोड करणारी फंक्शने ट्रिगरमधून चालवायला हरकत नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस तर अॅप्लिकेशनच्याच प्रोसेसमध्ये चालतो, त्यामुळे सी भाषेत लिहून नोंदवलेले फंक्शन बोलावताना नवी प्रोसेस उभी राहत नाही. अर्थात तेही दर नोंदीला धावते, याचे भान हवेच.

रांग बसवल्यावर तिच्यातली सर्वांत जुनी ओळ किती वेळ पडून आहे, यावर इशारा लावावा. ओळींची संख्या पाहून फसगत होते. गर्दीच्या वेळी ती वाढतेच, पण एकच ओळ दोन तास पडून असेल तर प्रोग्राम नक्की कुठेतरी अडला आहे. पोस्टग्रेसमध्ये पुसलेल्या ओळींची जागा व्हॅक्यूम (साफसफाई) झाल्याशिवाय मोकळी होत नाही, म्हणून या सतत भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या टेबलसाठी ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप होणारी ही साफसफाई, सुरू होण्याच्या मर्यादा इतर टेबलांपेक्षा खाली ठेवाव्यात.

आपला,
एक डेटाबेस प्रशासक