नोकरी जाण्याचे इंग्रजी

महोदय,

महापे, रबाळे, ऐरोली भागातील कारखान्यांत व कार्यालयांत काम करणारी बरीच तरुण मंडळी संध्याकाळी कार्यालयीन इंग्रजीच्या वर्गांना जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र माझ्या मुलीच्या सरावपुस्तिकेतील एक संवाद वाचून मी चकित झालो : साहेब दोन वाक्यांत नोकरीवरून कमी करतात, कर्मचारी आभार मानून ओळखपत्र टेबलावर ठेवतो आणि खालचा प्रश्न क्रियापदाच्या काळावर असतो! आपल्याकडे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार, सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. गैरवर्तनाचा ठपका असल्यास आरोपपत्र व चौकशी आलीच. (राजीनामा ‘स्वखुशीने’ लिहून घेण्याच्या पद्धतीविषयी तर न बोललेलेच बरे.) वर्गचालकांनी लेखी नोटीस मागणे, हिशेबाचा तपशील विचारणे, न वाचलेल्या कागदावर सही करण्यास नम्रपणे नकार देणे, याचाही सराव इंग्रजीतून करून घ्यावा आणि त्यासाठी एखाद्या कामगार वकिलाला वर्गात बोलवावे.

— एक पालक, कोपरखैरणे, नवी मुंबई