प्रेम असतं तर सोडली असती, असं म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत व्यसन आणि संसार अशा विषयावर एक लेख आला होता आणि त्याच्या शेवटी लिहिलं होतं की खरं प्रेम मिळालं की माणूस व्यसनातून बाहेर येतोच. ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहायला बसले. माझा नवरा 12 वर्षं प्यायला आणि आता साडेसहा वर्षं झाली, थेंब घेतलेला नाही. माझं प्रेम कमी पडलं म्हणून तो पीत नव्हता आणि प्रेम वाढलं म्हणून सुटली असंही झालेलं नाही. पण हे कळायला मला फार वर्षं लागली आणि तोवर मी त्याचा जीव जवळजवळ घालवला होता, तेच आधी सांगते.

मी त्याला शेकडो वेळा म्हणाले असेन की तुझं माझ्यावर प्रेम असतं ना तर तू कधीच सोडली असतीस. तो रडायचा, शपथ घ्यायचा, आणि ती शपथ खोटी नसायची हे मला आता कळतं, त्या क्षणाला त्याला खरंच सोडायची असायची. एकदा मी घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि म्हटलं आजपासून बंद, माझ्यासाठी कर. आणि त्याने केली हो. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरायला लागले की पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत जाईना, मी म्हटलं थोडं सहन कर, रात्री फिट आली, तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरून किडे झटकत होता आणि मला ओळखत नव्हता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, बाई, इतकी वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एका दिवसात बंद करायची नसते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग साधारण 48 ते 96 तासांच्या मधे हे भास, ताप, भ्रम, यात माणूस दगावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन उतरवायची असते. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी प्रेमाची परीक्षा घेत होते आणि तो बिचारा ती पास व्हायला बघत होता.

नंतर काउन्सेलरने समजावलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. प्रेमात पडल्यावर मेंदूत जी जागा जागी होते, ते डोपामिन वगैरे, म्हणजे हवंसं वाटायला लावणारं मेंदूतलं रसायन, तीच जागा व्यसन ताब्यात घेतं. 1954 साली जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून बघितली होती, कळ दाबली की त्या जागेला करंट मिळणार, तर उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबतच राहिले. माणूस म्हणजे उंदीर नाही हे मलाही कळतं पण संध्याकाळ झाली की नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी पाहिलंय, तिथे मी, मुलगी, नोकरी, कुणीच नसायचं. त्याने माझ्यात आणि बाटलीत निवड केली असं मी 12 वर्षं समजत होते. पण निवड करायला जे शाबूत लागतं तेच आजारी होतं. म्हणून त्याची जबाबदारी संपते असं मी म्हणत नाहीये, उपचाराला जाणं, रोज टिकणं हे त्यालाच करायचं होतं आणि त्यानेच केलं. फक्त ते प्रेमाचं प्रमाणपत्र नव्हतं, एवढंच.

आता माझं काय झालं ते. मी बायको राहिलेच नाही, मी पोलीस झाले. बाटलीवर पेनाने खूण करायची, खिसे तपासायचे, त्याच्या ऑफिसला फोन करून बरं नाहीये म्हणून सांगायचं, माहेरी सगळं छान आहे म्हणायचं. आणि कान. दाराच्या कुलुपात किल्ली पहिल्या झटक्यात गेली की आज ठीक आहे, दोनदा चुकली की थोडी झालीय, त्याहून जास्त वेळ खरखरत राहिली की मी मुलीला आतल्या खोलीत न्यायचे. हे असं ऐकत जगणाऱ्या बाईला नवऱ्याने जवळ घेतलं तर तिला आधी वास येतो, मग माणूस. जवळीक कशी उरणार? त्यात दारूने पुरुषाची ताकदही जाते आणि मग त्यातून संशय, तू कुणाशी बोलत होतीस, फोन दाखव. आमच्याकडेही झालं. याबद्दल कुणी बोलत नाही, डॉक्टरांना मात्र हा संशयाचा प्रकार नीट माहीत असतो. त्याने माझ्यावर हात कधी उचलला नाही, पण जिथे मारहाण आहे तिथे बाईने (किंवा पुरुषानेही) आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्यावं, बाकीचं सगळं नंतर.

आणि ही फक्त दारूची गोष्ट नाहीये. माझी एक मैत्रीण नवऱ्याच्या ऑनलाइन जुगारातून जातेय, तिथे वास येत नाही, तोल जात नाही, फक्त फोन उलटा ठेवलेला असतो आणि पासवर्ड बदललेला असतो. ती म्हणते पैसे गेले त्याचं इतकं दुःख नाही, रोज माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला त्याचं आहे.

सुटल्यावर तरी सगळं गोड होतं का, तर नाही, आणि त्या लेखात हे यायला हवं होतं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा ग्रुप, 1935 मध्ये सुरू झालं, ते सुरू करणाऱ्यांपैकी बिल विल्सन यांची बायको लोइस. नवरा सोबर झाला, मीटिंगला चल लवकर म्हणाला आणि तिने रागाने त्याच्यावर बूट फेकला! इतकी वर्षं तिने जीव टाकला तेव्हा काही झालं नाही आणि बाहेरच्या लोकांनी ते करून दाखवलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. पुढे 1951 मध्ये तिनेच एका मैत्रिणीसोबत घरच्या लोकांसाठी अल-ॲनॉन उभं केलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर रडले, कारण मलाही नवरा सोबर झाल्यावर आनंदापेक्षा रागच जास्त आला होता आणि मला वाटायचं मीच वाईट आहे. त्या ग्रुपमध्ये तीन गोष्टी सांगतात, हे व्यसन मी लावलं नाही, मी ते कंट्रोल करू शकत नाही, मी ते बरं करू शकत नाही. माझ्या खांद्यावरचं ओझं त्या दिवशी उतरलं.

म्हणून विनंती एवढीच की व्यसनावर छापताना जोडीदाराला औषध म्हणून पुढे करू नका. तिलाही उपचार लागतात, तिलाही ग्रुप लागतो, आणि नवरा उपचाराला गेला नाही तरी ती एकटी ग्रुपला जाऊ शकते हे लिहा. सोडून जाणाऱ्या बाईचं प्रेम कमी होतं असंही कुणाला वाटू देऊ नका, काही जणींना तेच करावं लागतं. आणि पुन्हा घसरण होऊ शकते हेही सांगा, म्हणजे स्लिप झाली की आपलं प्रेम हरलं असं कुणी धरून बसणार नाही.

विश्वास मात्र फार हळू येतो. त्याची सुटून दीड वर्ष झालं असेल, एका रात्री त्याला उशीर झाला आणि कुलुपात किल्ली चुकली. एकदा, दोनदा, तीनदा. मी ओट्यापाशी होते, हातातलं तसंच टाकून मुलीच्या खोलीकडे निघाले, पाय आपोआपच गेले. तो आत आला, माझ्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळलं. चिडला नाही, काही बोलला पण नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि तोंड उघडून मोठा श्वास सोडला. काहीच वास नव्हता. मग म्हणाला, जिन्यातला बल्ब गेलाय, उद्या बदलतो.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये)