डेव्हिड सीमोर यांना खुले पत्र : ही वकिली आमच्या नावाने नको

मा. डेव्हिड सीमोर,
उपपंतप्रधान आणि ॲक्ट पक्षाचे नेते, न्यूझीलंड

महोदय,

ब्रिटिश राजसत्ता आणि इथले मूळ रहिवासी माओरी यांच्यात १८४० मध्ये झालेल्या वायतांगी कराराच्या तत्त्वांची नवी व्याख्या करणारं तुमचं विधेयक १० एप्रिल २०२५ रोजी ११२ विरुद्ध ११ मतांनी पडलं. ११ मतं तुमच्याच पक्षाची. संसदीय समितीकडे तीन लाखांहून जास्त निवेदनं आली, त्यातली ९० टक्के विरोधात. तरी तुमचा युक्तिवाद फिरतोच आहे : करारामुळे माओरींना वेगळा दर्जा मिळतो आणि नंतर आलेले आम्ही भारतीयांसारखे स्थलांतरित दुय्यम ठरतो.

आईवडिलांना पाच वर्षं इथे राहू देणारा व्हिसा तुमच्या पक्षाने लावून धरला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो सुरू झाला. घराघरांत त्याचं स्वागत झालं, विम्याचा खर्च धरूनही. पण त्यासाठी माओरींचा एकही हक्क कापावा लागला नाही, हे लक्षात घ्या.

'कायद्यापुढे सगळे सारखे' हे ऐकायला छान वाटतं. १८९९ च्या स्थलांतर कायद्यातही भारतीयांचं नाव कुठेच नव्हतं. ब्रिटिश आणि आयरिश वंशाचे सोडून बाकी सगळ्यांनी अर्ज एखाद्या युरोपीय भाषेत भरावा, एवढीच अट. गुजरात-पंजाबच्या खेड्यातून आलेल्या माणसाला दार बंद करायला तेवढी पुरायची. पुढे १९२० च्या दशकात ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावात भाजीपाला पिकवणाऱ्या भारतीयांविरुद्ध 'व्हाइट न्यूझीलंड लीग' उभी राहिली. त्याच गावात माओरींनाही न्हाव्याच्या दुकानात आणि थिएटरात वेगळं वागवत. आम्ही आणि ते समोरासमोर नव्हतो, एकाच बाजूला होतो.

१८४० च्या कराराच्या प्रस्तावनेत युरोप आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या वसाहतकरांचा उल्लेख आहे. बाहेरून येणाऱ्यांचा प्रश्न तेव्हापासून या करारातच आहे. त्या कराराच्या आधारावर इथे सरकार उभं राहिलं आणि त्याच सरकारने आम्हाला व्हिसा दिला. तुम्ही स्वतः न्गापुही या माओरी जमातीच्या वंशाचे. हे तुम्हाला आम्ही सांगावं, जरा अवघडच वाटतं.

तेव्हा एकच मागणी. वायतांगी करारामुळे आम्हा स्थलांतरितांना कोणता हक्क मिळत नाही, तो एक तरी लेखी दाखवा. नसेल, तर निवडणुकीच्या भाषणांत आमचा दाखला देणं थांबवा.

आपला,
ऑकलंडमधला एक मराठी मतदार