चवडीत कोण मावतं?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आकृती पाहिली. प्रकाश पकडणारी प्रकाशप्रणाली २, इलेक्ट्रॉन पुढे देणारं सायटोक्रोम, प्रकाशप्रणाली १ आणि एटीपी बनवणारं एटीपी सिंथेज एकाच पटलावर ओळीने उभे! पुस्तकात तसंच छापतात, कारण तिथे इलेक्ट्रॉनची वाट दाखवायची असते. हरितलवकात कोण कुठे बसतं, हे त्या ओळीवरून कळत नाही.

आधी उंची बघ. ग्रॅना म्हणजे हरितलवकातल्या थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांची चवड, पोळ्यांची असते तशी. दोन पिशव्यांमधली स्ट्रोमाकडची, म्हणजे बाहेरच्या द्रवाकडची, फट जेमतेम ३-४ नॅनोमीटर, आणि एटीपी सिंथेजचं डोकं पटलाबाहेर सुमारे १५ नॅनोमीटर येतं. तुझ्या पेठेतल्या बोळात टेम्पो शिरत नाही, तसंच. प्रणाली १ सुद्धा त्या बाजूने फुगीर. म्हणून ही दोघं चवडीच्या कडेला, वरच्या-खालच्या टोकांना आणि चवडींभोवती वळसे घेत जाणाऱ्या स्ट्रोमा-पटलांत असतात. प्रणाली २ त्या बाजूने सपाट. ती आणि तिचं प्रकाश गोळा करणारं एलएचसी-२ आतल्या चिकटलेल्या भागात. सायटोक्रोम दोन्हीकडे. इलेक्ट्रॉनची ने-आण करतात ते पटलातलं प्लास्टोक्विनोन आणि ल्युमेनमधलं, म्हणजे पिशवीच्या आतल्या पोकळीतलं, प्लास्टोसायनिन. प्रणाली २ मधलं डी-१ प्रथिन उन्हाने खराब झालं, की तिला दुरुस्तीला बाहेर स्ट्रोमा-पटलात यावं लागतं. नवं डी-१ बनवणारा रायबोसोमही त्या फटीत मावत नाही.

आता प्रयोग: ग्रॅना आणि स्ट्रोमा-पटलं वेगळी काढून कुठे काय आहे ते बघायचं. पालक मंडईतून कोवळा आण आणि रात्रभर अंधारात ठेव, नाहीतर दिवसा साठलेल्या स्टार्चचा पांढरा थर गाळात येतो. बफर बर्फासारखा थंड हवा: ०.३३ मोलर सॉर्बिटॉल, पीएच ७.८, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. यातलं मॅग्नेशियम विसरू नकोस. पटलांवर ऋण प्रभार असतो, ती एकमेकांना ढकलतात. मॅग्नेशियम तो प्रभार झाकतं. ते नसेल किंवा त्याला बांधून ठेवणारं ईडीटीए जास्त पडलं, तर चवड सुटते, दोन्ही प्रणाली एकमेकींत मिसळतात आणि पुढे काहीच वेगळं निघत नाही. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो, आणि दोष मात्र पटलं फोडणाऱ्या, साबणासारख्या डिजिटोनिनला देतात.

१९६४ मध्ये कॅनबेरात बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी याच डिजिटोनिनने पालकाची पटलं फोडली. ०.५ टक्के, बर्फात अर्धा तास. ते गरम करून विरघळवावं लागतं, थंड झालं की पुन्हा खाली बसतं, हातमोजे घाल. सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला, म्हणजे गुरुत्वाच्या १०,००० पट जोराला, ग्रॅना खाली बसतात. स्ट्रोमा-पटलांना १,४४,००० जी लागतो. अल्ट्रासेंट्रिफ्यूज मिळाला नाही तर वरचं द्रवच मोज, फरक त्यातही दिसतो. जी आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) यांत गफलत नको, रोटरचा तक्ता बघ.

क्लोरोफिल ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये काढ आणि ६४५ व ६६३ नॅनोमीटरला त्याचं प्रकाशशोषण वाच. क्युव्हेट (मोजायची चौकोनी कुपी) काचेचीच घे, साधं प्लास्टिक अ‍ॅसिटोनने धुरकट होतं. अखंड पटलांत क्लोरोफिल ए आणि बी यांचं गुणोत्तर ३ च्या आसपास येईल, ग्रॅनाच्या गाळात त्याहून कमी. एलएचसी-२ मध्ये बी भरपूर असतं ना! स्ट्रोमा-पटलांत ते ५ च्या घरात जातं. सगळीकडे ३ च आलं, तर आधी बफरची बाटली तपास.

आकृती पुन्हा काढशील तेव्हा फट मोजून काढ, आणि एटीपी सिंथेजला पहिली जागा दे.

तुझा,
बाबा